कुमारी चंद्राचा आवाज

माझी मावशी चंद्रभागाबाई हिने चौदा मराठी पिक्चरमध्ये काम केलं आहे. हे ती सांगते. आमच्या घरच्यांच्या मोजणीत ते अकरा भरतात. राहिलेल्या तीनमध्ये ती होती, पण पिक्चर पडद्यावर येईपर्यंत तिचा भाग कापला गेला.

"कापलं तर कापलं," मावशी म्हणते. "म्या केलतं का न्हाई? मंग?"

यावर वाद घालणाऱ्याला तिच्या घरी चहा मिळत नाही, म्हणून मीही चौदाच धरतो. फक्त त्या अकरांतल्याही पाचांत तिची पाठच दिसते, हे वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

मावशी आता बहात्तर-त्र्याहत्तरची आहे. पाटोद्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत राहते. मुलगा अभिमन्यू पिठाची गिरणी चालवतो, सून मनिषा घर आणि सासू दोन्ही सांभाळते, आणि नात तेजश्री पोलीस भरतीच्या तयारीसाठी रोज पहाटे मैदानावर पळते. मी राम, मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, माजलगावला शाळेत शिकवतो. मावशी मला 'मास्तर' म्हणते ते मानाने नव्हे. मी बोलायला लागलो की तिला झोप येते, हे सुचवण्यासाठी.

तिची सिनेमातली सुरुवात उसाच्या फडात झाली. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागातली गावंच्या गावं ऊसतोडीला कोल्हापूरकडे जायला लागली. त्यात मावशी आणि मावसा आश्रुबा असा एक कोयता होता. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिकडची मोजणी. तेव्हा ती बावीसेक वर्षांची होती, आणि अभिमन्यू उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत, झोळीत झोपलेला असायचा.

एक दिवस शेजारच्या फडात शूटिंगवाले आले. नायिकेने डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, असा प्रसंग होता. नायिकाबाई मोठ्या नावाच्या होत्या. त्यांच्यासाठी मोळी आतून पोकळ केली होती, तरी त्या फळीवर दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा घसरल्या तेव्हा बघायला जमलेल्या बायकांत मावशी मोठ्याने हसली.

डायरेक्टरांनी वळून विचारलं, "कोण हसलं?"

सगळ्या बायका एक पाऊल मागे सरल्या. मावशी जागची हलली नाही. तिच्या सांगण्यानुसार ती घाबरली नव्हती म्हणून. माझ्या आईच्या सांगण्यानुसार तिचा पाय पाचटात अडकला होता म्हणून.

"तुला येतं चढायला?" डायरेक्टरांनी विचारलं.

"त्यात काय यायचंय? रोज पन्नासदा चढते की."

तिला नायिकाबाईंचं लुगडं नेसवलं, पोकळ मोळी दिली. मावशीने ती हातात तोलून बघितली आणि खाली टाकली. "ही वाऱ्यानं उडंल. मपली आणा," म्हणाली. मग स्वतःची खरी मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून अशी चढली, की डायरेक्टर 'कट' म्हणायचं विसरले आणि ती तिकडून मोळी रचून खाली उतरून आली.

त्या हंगामात शूटिंग पंधरा दिवस चाललं. विहिरीवरून घागर आणायची, टायरगाडी हाकायची, बांधावरून पळायचं, हे सगळं मावशीने केलं. तोंड नायिकाबाईंचं, पाठ मावशीची. पिक्चर चालला. वर्तमानपत्रात नायिकाबाईंच्या सहज चालण्याचं कौतुक छापून आलं. ते कात्रण मावशीने कोणाकडून तरी मिळवून पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे, आणि ती ते 'मपलं' म्हणून दाखवते.

यात खरी पंचाईत झाली मावसाची. बायको शूटिंगला गेली की कोयता मोडायचा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळीतले गडी त्याला 'अर्ध्या, इकडं ये बे' अशी हाक मारायला लागले. शेवटी तो चिडून डायरेक्टरांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला बी घ्या, न्हाईतर तिला सोडा."

डायरेक्टरांनी त्याला गर्दीत घेतलं. बाजार, जत्रा, पंचायत, जिथे माणसं लागतील तिथे आश्रुबा. त्याला एकच काम होतं, कॅमेऱ्याकडे न बघण्याचं, आणि ते त्याला जन्मात जमलं नाही. सात पिक्चरमध्ये तो आहे आणि सातही ठिकाणी, आजूबाजूला खून पडत असो की लग्न लागत असो, हा माणूस थेट आपल्याकडे बघतो.

पुढच्या हंगामात मावशीला तोंडासकट काम मिळालं. पिक्चरचं नाव 'बांधावरची वहिनी', नायिकाबाई त्याच. त्यातल्या भांडखोर शेजारणीचं काम करणाऱ्या बाईंना ऐन वेळी गालगुंड झालं. त्यांचे गाल एवढे सुजले की भांडखोरऐवजी त्या केविलवाण्या दिसायला लागल्या. डायरेक्टर म्हणाले, "त्या पाटोद्याच्या बाईला उभी करा. भांडायला येत असेलच."

भांडायला येत होतं. पण मावशी भांडायची ती आपल्या बोलीत. कागदावर लिहिलेलं वाक्य होतं, 'का गं, माझ्या बांधावरून का जातेस?' मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कावून गं, मपल्या बांधावरून कावून जायलीस?"

"कावून नाही बाई, का म्हणा."

"बरं. का."

कॅमेरा सुरू झाला की पुन्हा कावून. आठ वेळा झालं. नवव्या वेळी डायरेक्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जाऊ द्या. नंतर आवाज दुसरीचा घालू."

याचा अर्थ मावशीला तेव्हा कळला नाही. तो कळला चार-सहा महिन्यांनी, पाटोद्याच्या बाजारात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला तेव्हा. सगळं गाव बैलगाड्या जुंपून आलं होतं. मावशीची सासू सरस्वतीबाई पुढे सतरंजी टाकून बसली होती. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये 'कुमारी चंद्रा' असं नाव आलं. मावशीच्या मांडीवर तेव्हा अभिमन्यू होता, पण डायरेक्टरांना कुमारी शोभेल असं वाटलं असावं. मग पडद्यावर मावशी आली, कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि त्यातून कोणीतरी दुसरीच बाई बोलली. गोड, घोटीव, नाटकातल्यासारखी.

सरस्वतीबाईंनी सुनेकडे वळून विचारलं, "घसा बसलाता का गं तुझा?"

मावशीने पदर पुढे ओढला. पण मावसा उठून उभा राहिला आणि मागच्या मशीनवाल्याकडे बघून ओरडला, "ए, बंद कर बे! हा मपल्या बायकोचा आवाज न्हाई!"

"खाली बस!" लोक ओरडले.

"कावून बसू? घरी रोज ऐकतो मी! हा न्हाई!"

चार जणांनी ओढून त्याला खाली बसवलं. पिक्चर पुढे चालला. लोकांना शेजारीण फार आवडली आणि बाहेर पडताना बायांनी मावशीला घेरलं. "काय बोललीस बाई, शहरातल्यावानी!" मावशी हसली, मान डोलावली. घरी आल्यावर चुलीपुढे बसून पदर तोंडात धरून रडली. हे मला आईने सांगितलं. मावशी हा भाग कधी सांगत नाही. त्या ठिकाणी ती मला पाणी आणायला पाठवते.

पुढे आठ-नऊ वर्षं तिला कामं मिळत राहिली. नायिकेची मैत्रीण, पाटलाच्या वाड्यातली मोलकरीण, दोनदा सुईण, एकदा प्रेत. आवाज दर वेळी दुसऱ्याचा. तिने 'का' म्हणायला शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. घरी मावसाला समोर बसवून ती सराव करायची. पण तिने 'का जाता?' असं विचारलं की मावसाला हसू फुटायचं, आणि मग सराव थांबून खरं भांडण सुरू व्हायचं. ते अर्थातच कावूनमध्ये. प्रेताच्या कामाबद्दल मात्र ती अजून अभिमानाने सांगते. "त्यात कोनाला आवाज घालता आला न्हाई. समदं मपलंच हाय."

मग डायरेक्टर गेले. गावाकडच्या पिक्चरचे दिवसही सरले. बोलावणं येईना. मावशी दोन हंगाम वाट बघत राहिली आणि तिसऱ्या हंगामाला कोयता घेऊन मावसाबरोबर पुन्हा फडात गेली. तिथे साखर कारखान्याच्या मैदानात एकदा ऊसतोड्यांसाठी पडदा बांधून तिचाच एक पिक्चर दाखवला. शेजारी बसलेल्या बाईने पडद्याकडे बघून मावशीला म्हटलं, "त्या बाईचं नाक थेट तुझ्यावानी हाय."

मावशी म्हणाली, "असंल." पाचटाने चिरलेले हात तिने पदराखाली घेतले आणि पिक्चर शेवटपर्यंत बघितला.

पुढे मुलाने गिरणी टाकली, ऊसतोड सुटली. मावसा बारा वर्षांपूर्वी गेला. मावशीजवळ पेटी राहिली, कात्रणं राहिली, आणि ऐकणारं कोणी सापडलं की चौदा पिक्चर राहिले. दळण घेऊन येणाऱ्याला दळण होईपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे श्रोत्यांची कमतरता तिला पडली नाही. तेजश्रीला तर आजीचे सगळे प्रसंग हातवाऱ्यांसकट पाठ होते. मनिषावहिनी म्हणायच्या, "दळण बारीक होतंय का जाड, ते आत्याबाईंच्या गोष्टीवर हाय. प्रेताची गोष्ट निघाली की पीठ मैद्यावानी पडतंय."

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याहून एका मुलीचा फोन आला. प्रियदर्शनी तिचं नाव. जुने चित्रपट सांभाळून ठेवणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. 'बांधावरची वहिनी'ची एकुलती एक प्रत कुणाच्या तरी गोदामात सापडली होती. 'कुमारी चंद्रा, पाटोदा' एवढ्या माहितीवर ती शोध घेत होती, आणि पाटोद्यात तिने फोनवरून पहिल्याच माणसाला विचारलं तेव्हा त्याने थेट गिरणीचा नंबर दिला.

आठ दिवसांनी ती आली, तेव्हा मीही पाटोद्याला गेलो होतो. मावशी इरकली लुगडं नेसून, पेटी पुढ्यात घेऊन सकाळपासून बसली होती.

"आजी, चित्र आम्ही बरंचसं साफ केलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "पण तिसऱ्या रिळाचा आवाज पूर्ण गेलाय. नुसती खरखर. आणि त्या रिळात मुख्यतः तुमचंच भांडण आहे."

"आन् नायिकाबाई?"

"त्या त्यात फक्त रडतात. रडणं दुसऱ्या रिळातून घेता येईल."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू पन्नास वर्षांनी न्याय झाला.

"ज्यांनी तुमच्यासाठी आवाज दिला होता त्या आता नाहीत. तर तुम्हीच याल का बोलायला? तेवढ्या भागाचा आवाज नवा आहे, असं आम्ही पाटीवर लिहूच."

मावशी लगेच हो म्हणाली नाही. तिने पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघितलं, खोकली. "तसं मला लई काम असतंय," ती म्हणाली. मनिषावहिनी हातातला पेढ्यांचा डबा घेऊन घाईघाईने आत निघून गेल्या, कारण त्यांना हसू आवरेना.

पुढच्या सोमवारी मी माझ्या गाडीतून मावशीला आणि सोबतीला तेजश्रीला घेऊन पुण्याला गेलो. वाटेत मावशी एक अक्षर बोलली नाही. आवाज राखून ठेवला होता. हॉटेलात चहा हवा की दूध, हेसुद्धा तिने बोटाने दाखवलं.

स्टुडिओ म्हणजे एक बंद खोली होती. समोर पडदा, मध्ये माईक, काचेपलीकडे आवाज घेणारा प्रविण नावाचा माणूस. पडद्यावर चित्र सुरू झालं आणि मावशी आली. चोवीस वर्षांची, नाकात नथ, कमरेवर हात. मावशी तिच्याकडे बघत राहिली. बोलायची खूण झाली, गेली. ती बोलली नाही.

"आजी, काय झालं?" प्रविणने विचारलं.

"मागं बघा. त्या कडब्याच्या गंजीपाशी."

गंजीपाशी पटका बांधलेला एक माणूस उभा होता आणि थेट आमच्याकडे बघत होता.

"आमचे मालक हायत," मावशी म्हणाली. "किती डाव सांगितलं, तिकडं बघू नगा, तिकडं बघू नगा." मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, एवढं एकदा परत दाखव."

प्रविणने तेवढाच भाग तीन वेळा दाखवला. तिसऱ्या वेळी त्याने चित्र तिथेच थांबवून ठेवलं आणि तो चहा घ्यायला म्हणून बाहेर गेला. तेजश्री आजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. मी भिंतीवरच्या कापडाचा रंग बघत बसलो.

चहानंतर काम सुरू झालं. प्रियदर्शनीने जुना कागद पुढे केला. 'का गं, माझ्या बांधावरून का जातेस?' मावशीने पुण्याचा मान ठेवून 'का' म्हटलं, तेही नीट. पण प्रविण काचेपलीकडून मान हलवायला लागला.

"बसत नाहीये. वाक्य संपतं तरी यांचं तोंड हलतंच आहे. चित्रातल्या बाई काहीतरी जास्त बोलतायत."

"मी सांगते काय बोलतेय ती," तेजश्री म्हणाली. "आजी, तुझं म्हन की."

मावशीने कागद खाली ठेवला. "कावून गं, मपल्या बांधावरून कावून जायलीस?"

तोंड आणि शब्द एका जागी येऊन बसले. प्रियदर्शनीने टाळी वाजवली. प्रविण म्हणाला, "म्हणजे त्या पिक्चरमध्ये आवाज पहिल्यापासूनच चुकीचा बसवला होता."

"ते मालकांनी तवाच सांगितलतं," मावशी म्हणाली.

तिने सगळं भांडण एका दमात म्हटलं. एक शब्द विसरली नाही. मग प्रविणने ते चित्राला जोडून तिला ऐकवलं. मावशी डोळे बारीक करून ऐकत होती. दोन वाक्यं झाल्यावर तिने हात वर केला.

"ही म्हातारी कोन बोलायली?"

"तुम्हीच, आजी."

"ते कळलं मला. पर ती पोरगी बघा की. तिच्या तोंडात म्हातारी बसल्यावानी वाटतंय." ती स्वतःच हसायला लागली. "पयले शहरातली बाई घातली, आता म्हातारी घालता व्हय?"

प्रियदर्शनी तिची समजूत घालायला लागली. हा आवाज खरा आहे, याला फार मोल आहे, लोकांना भावेल. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि तेजश्रीच्या दंडाला धरून तिला माईकपुढे ओढलं.

"ही बोलंल. मपला त्या वक्ताचा आवाज हिच्याकडं हाय. घरात आईसंग भांडती तवा ऐकते मी."

"आजी, मला कुठं येतंय!" तेजश्री म्हणाली.

"भांडायला येत न्हाई? मंग पोलीस कशाला व्हायलीस?"

तेजश्री बोलली. पहिल्याच वाक्याला प्रविण खुर्चीतून पुढे सरकला. पण मावशीचं समाधान होईना. 'बांधावरून' म्हणताना मान उडव, 'मपल्या' वर जोर दे, श्वास मध्येच घेऊ नकोस, त्या बाईला खरंच जाऊ द्यायचं नाहीये हे ध्यानात ठेव. मावशीच्या डायरेक्टरांनी तिचं एक वाक्य नऊ वेळा घेतलं होतं. मावशीने नातीचं एकेचाळीस वेळा घेतलं. सायंकाळी सहाला तेजश्रीचा घसा खरोखर बसला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "चालंल."

परतताना गाडीत मात्र तिने राखून ठेवलेला सगळा आवाज वापरला. नगर येईपर्यंत माझे, तेजश्रीचे आणि प्रविणच्या यंत्रांचे सगळे दोष सांगून झाले. मी मध्येच विचारलं, "मावशे, तुझा आवाज घेतला न्हाई म्हणून वाईट वाटलं का गं?"

"म्या ऐकला की," ती म्हणाली. "एकदा ऐकायचा व्हता." आणि लगेच, "समोर बघून चालव, मास्तर."

चैत्रात संस्थेने पिक्चर पाटोद्यालाच दाखवला, एका मंगल कार्यालयात. लग्नाच्या खुर्च्या कमी पडल्या, लोक पायऱ्यांवर बसले. भांडणाच्या प्रसंगाला पहिलं 'कावून' कानावर पडलं आणि अख्खं कार्यालय दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या. मागून कोणीतरी "परत लावा!" म्हणून ओरडलं आणि प्रियदर्शनीने खरंच परत लावलं. पुढच्या रांगेत मावशी अशी बसली होती की जणू हे तिला रोजचंच. शेवटी पाटीवर 'आवाज : तेजश्री अभिमन्यू' आलं तेव्हा मात्र ती दोन्ही हातांनी खुर्ची धरून अर्धी उठली, आणि नीट वाचून झाल्यावर खाली बसली. 'कुमारी चंद्रा'च्या जागी आता काय लिहायचं, असं प्रियदर्शनीने तिला आधी विचारलं होतं. मावशी म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या कुमारीच. काय बिघडलं?"

तेजश्री जूनमध्ये भरतीत निवडली गेली. सध्या प्रशिक्षणाला आहे. तिथे कवायतीच्या हुकमाला तिचाच आवाज पुढे करतात, असं मावशी दळणाला आलेल्यांना सांगते. त्यात खरं किती ते मी विचारलं नाही, कारण मला चहा प्यायचा होता.

मध्यंतरी मावशीला एका मालिकावाल्यांचा फोन आला. आजीचं काम आहे, करणार का? मावशीने विचारलं, "त्यात मी काय करते?"

"आजी पहिल्याच भागात वारतात, पण फार हृदयस्पर्शी आहे."

"मरायला एवढ्या लांब कशाला बोलवता? प्रेताचं काम म्या केलेलं हाय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्यांनी पुन्हा केला. मावशीने सांगितलं, आधी भांडण ठेवा, मग मरते. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती फोनवरच होती आणि मनिषावहिनी ओठांवर बोट ठेवून मला दारातच थांबवत होत्या. तिचं मरण आता चौथ्या भागापर्यंत पुढे गेलं आहे, आणि ती सहाव्यावर अडून बसली आहे.